शेताचे कोपरे फाईलमध्ये, आकृती पडद्यावर

गेल्या हिवाळ्यात भातकापणी झाल्यावर एका रविवारी आम्ही टेप घेऊन बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात उतरलो. मी आणि माझ्याकडे कोडिंग शिकायला येणारी चार मुलं. मुलं मराठी शाळेतून आलेली, निर्देशक भूमिती पाठ असलेली, पण कागदाबाहेर निर्देशक कधी न पाहिलेली. पाच कोपऱ्यांचं एक शेत मोजलं, वहीत पाच ओळी झाल्या. घरी येऊन एकाने ते आकडे थेट कोडमध्ये टाकले आणि शेत पडद्यावर उमटलं. सगळे खूष. तेवढ्यात दुसऱ्याने विचारलं, "आता आमचं शेत?" तेव्हा लक्षात आलं की प्रत्येक शेतासाठी कोड उसवून पुन्हा शिवावा लागणार.

म्हणून हा लेख. आकृती ही फाईलमध्ये असते; कोड फक्त ती वाचून रेघा ओढतो. एवढं एक अंगवळणी पडलं की एकाच कोडने शेत, विहीर, घराचा आराखडा, राजहंसगडाची तटबंदी, काहीही काढता येतं. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा कधीच न वापरलेल्यालाही जमेल अशा बेताने सांगतो.

आधी मोजणी

कोड लिहायची घाई करू नका. आकडे कुठून आले ते माहीत असेल तरच चित्र चुकल्यावर चूक सापडते.

शेताचा एक सरळ बांध निवडा. आम्ही दक्षिणेचा घेतला. त्याचा पश्चिमेकडचा कोपरा हा आरंभबिंदू, म्हणजे शून्य-शून्य. बांधावर दोरी ताणून ठेवा. आता प्रत्येक कोपऱ्यासाठी दोनच मापं घ्यायची: दोरीवरून किती चाललो, आणि तिथून काटकोनात वळून कोपऱ्यापर्यंत किती गेलो. पहिलं माप क्ष, दुसरं य. एखादा कोपरा बांधाच्या टोकापलीकडे असेल तर दोरी तेवढी पुढे ताणायची. काटकोन डोळ्यांच्या अंदाजाने धरू नका. गवंड्याचा गुण्या एवढ्या अंतराला पुरत नाही, पण दोरीवर ९, १२ आणि १५ फुटांचा त्रिकोण केला की काटकोन पक्का मिळतो. त्या एका दोरीपायी आमची अर्धी सकाळ गेली, पण आकडे खात्रीचे मिळाले.

आमचे आकडे फुटांत असे आले:

० ०
१३२ ०
१४० ९०
६६ १२५
० ९९

कोपरे लिहिण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. बांधाबांधाने चालत गेल्यावर जसे लागतील तसेच लिहायचे, मध्येच उडी मारायची नाही. याचं कारण पुढे क्षेत्रफळाच्या वेळी दिसेल.

फाईल लिहिणे

नोटपॅड उघडा. एका ओळीत एक कोपरा: आधी क्ष, मग मोकळी जागा, मग य. स्वल्पविराम नको, "फूट" वगैरे शब्द नकोत. एक आकृती संपली की एक रिकामी ओळ सोडायची आणि पुढची आकृती सुरू करायची. आमच्या शेतात १२ फुटांची चौकोनी विहीर होती, ती अशी आली:

# शेत व विहीर, मापं फुटांत, आरंभ नैर्ऋत्य कोपरा
० ०
१३२ ०
१४० ९०
६६ १२५
० ९९

३६ ५६
४८ ५६
४८ ६८
३६ ६८

पहिली ओळ माणसासाठी आहे. # या चिन्हाने सुरू होणारी ओळ कोड सोडून देईल असं आपण ठरवतो. मोजणीची तारीख, माप कशात आहे आणि आरंभ कुठला, हे तिथे लिहून ठेवाच. सहा महिन्यांनी फाईल उघडाल तेव्हा १३२ हे फूट होते की मीटर हे आठवणार नाही.

अंक मी मराठीत लिहिले आहेत, आणि ते तसेच ठेवले तरी चालतात. मला स्वतःला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. पायथनचं फ्लोट हे फंक्शन देवनागरी अंक वाचतं, कन्नड अंक वाचतं, इंग्रजी तर वाचतंच. एकाच फाईलमध्ये तिन्ही आले तरी अडत नाही. बेळगाव-खानापूरकडच्या आपल्या मुलांच्या वहीत हे तिन्ही अंक रोज येतात, म्हणून ही सोय मला आपल्यासाठीच केल्यासारखी वाटते. बाकीच्या भाषांचा असा भरवसा धरू नका. जावास्क्रिप्टला मराठी १३२ दिला तर ती तो आकडा मानत नाही. पायथनमध्येही ही सवलत फाईलमधल्या मजकुरापुरतीच आहे. कोडमध्ये थेट लिहिलेले अंक इंग्रजीच लागतात.

फाईल सेव्ह करताना एन्कोडिंगच्या (अक्षरं साठवायच्या पद्धतीच्या) जागी यूटीएफ-८ निवडा. नाव "शेत" द्या, शेवटी टीएक्सटी हे शेपूट राहू द्या. विंडोज हे शेपूट बऱ्याचदा लपवतं, मग आपण ते हाताने पुन्हा लिहितो आणि फाईलला दोन शेपटं लागतात. फाईल समोर दिसत असूनही पायथन "सापडत नाही" म्हणाला तर आधी हेच तपासा. गावातल्या डीटीपी सेंटरमध्ये जुन्या फॉन्टात टाइप करून घेतलेला मजकूरही इथे चालत नाही. त्यात अक्षरं मराठी दिसतात, पण आत साठवलेलं भलतंच असतं.

पायथन

पायथनच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून तो फुकट मिळतो. विंडोजवर त्याच्यासोबतच आयडल नावाचा एडिटर आणि टर्टल नावाचं चित्रकलेचं मॉड्यूल येतं, वेगळं काही उतरवावं लागत नाही. टर्टल म्हणजे कासव. १९६७ साली मुलांसाठी लोगो नावाची भाषा तयार झाली, तिच्यातल्या कासवाचा हा वंशज. पडद्यावर एक कासव (दिसायला छोटा बाण) फिरतं आणि त्याच्या पोटाखालचं पेन रेघ ओढतं.

कोडची फाईल आणि "शेत" ही फाईल एकाच फोल्डरमध्ये ठेवा. आणि तुमच्या कोडच्या फाईलला टर्टल हेच नाव कधीही देऊ नका. तसं केलं तर पायथन खरं मॉड्यूल सोडून तुमचीच फाईल उघडतो आणि पेनअप, गोटू हे शब्द ओळखीचे नाहीत म्हणतो. शिकणाऱ्यांपैकी निम्मे तरी या खड्ड्यात पडतात, कारण टर्टल शिकताना फाईलला तेच नाव सुचतं.

फाईल वाचणे

खालचा कोड मी वर्गात फळ्यासमोर बोलून दाखवतो तसा, उच्चाराप्रमाणे देवनागरीत मांडला आहे. ओपन, फॉर, इन, इफ, स्प्लिट, फ्लोट वगैरे पायथनचे शब्द तुम्ही इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे, कोडमधले अंकही इंग्रजीत. ओळ, चालू, आकृत्या, नाव, संकेत, फाईल, क्ष, य ही आपण ठेवलेली नावं मात्र देवनागरीतच राहू द्या. पायथन ३ ला ती चालतात.

आकृत्या = []
चालू = []
विथ ओपन(नाव, एन्कोडिंग=संकेत) ॲज फाईल:
    फॉर ओळ इन फाईल:
        ओळ = ओळ.स्ट्रिप()
        इफ ओळ.स्टार्ट्सविथ("#"):
            कंटिन्यू
        इफ ओळ == "":
            इफ चालू:
                आकृत्या.अपेंड(चालू)
            चालू = []
        एल्स:
            क्ष, य = ओळ.स्प्लिट()
            चालू.अपेंड((फ्लोट(क्ष), फ्लोट(य)))
इफ चालू:
    आकृत्या.अपेंड(चालू)

याच्या वर दोन ओळी हव्यात: "नाव" मध्ये फाईलचं शेपटासकट नाव आणि "संकेत" मध्ये यूटीएफ-८-सिग, दोन्ही अवतरणात.

आता हा कोड सावकाश वाचू. फाईलमधून येणारी प्रत्येक ओळ हा नुसता मजकूर असतो. "१३२ ०" म्हणजे पायथनच्या लेखी अक्षरांची एक माळ, आकडे नव्हेत. स्ट्रिप दोन्ही टोकांची मोकळी जागा आणि ओळ संपल्याची खूण काढून टाकतो. स्प्लिट मोकळ्या जागेवर माळ तोडतो आणि दोन तुकडे हाती येतात. फ्लोट त्या तुकड्यांचे खरे आकडे करतो. तोडणे आणि आकडे करणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. नवशिक्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो. स्प्लिट केलं म्हणजे आकडे मिळाले असं वाटतं, मग बेरीज करताना १३२ आणि ४ मिळून १३६ च्या जागी १३२४ होतात.

शेवटच्या दोन ओळी विसरू नका. रिकामी ओळ आली की हातातली आकृती यादीत जाते, पण फाईलच्या शेवटी रिकामी ओळ नसेल तर शेवटची आकृती हातातच राहते. आमची विहीर पहिल्या दिवशी अशीच गायब झाली. मुलांनी सगळा चित्र काढायचा भाग उलटापालटा केला, आणि चूक वाचण्याच्या भागात होती. म्हणून चित्राकडे वळण्याआधी "आकृत्या" प्रिंट करून बघायची सवय लावा. दोन आकृत्या, पहिलीत पाच जोड्या, दुसरीत चार. एवढं जुळलं तरच पुढे जा.

"सिग" कशाला, ते सांगतो. विंडोजवरचं जुनं नोटपॅड यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करताना फाईलच्या अगदी सुरुवातीला एक अदृश्य खूण घालतं. एका मुलीच्या लॅपटॉपवर कोड पहिल्याच ओळीला अडत होता. ओळीत होतं फक्त "० ०". तिने ती चार वेळा खोडून लिहिली, तरी तेच. चूक सांगणाऱ्या संदेशात मात्र शून्याच्या आधी एक विचित्र संकेत छापून येत होता, तीच ती खूण. यूटीएफ-८-सिग म्हटलं की पायथन खूण असेल तर बाजूला करतो, नसेल तर नेहमीसारखं वाचतो. आणि एन्कोडिंग लिहिलंच नाही तर विंडोजवर पायथन सहसा जुन्याच संकेताने वाचायला जातो. मग मराठी अंकांचा चिवडा होतो.

व्हॅल्यूएरर नावाचा चूक सांगणारा संदेश आला तर घाबरू नका, तो बहुतेक वेळा फाईलमध्ये काय चुकलं तेच सांगत असतो. तुकडे जास्त झाले म्हणाला तर ओळीत तिसरा शब्द आहे. कमी पडले म्हणाला तर मध्ये मोकळी जागा नाही. फ्लोटला जमलं नाही म्हणाला तर आकड्याला स्वल्पविराम चिकटला आहे, शून्याच्या जागी इंग्रजी ओ पडला आहे, किंवा मोबाईलवर टाइप करताना वजाच्या साध्या रेघेची लांब रेघ झाली आहे. ही लांब रेघ डोळ्यांना कळत नाही. ती खोडून कीबोर्डवरची साधी रेघ टाका.

चित्र काढणे

हा भाग छोटा आहे. कोडच्या सुरुवातीला "फ्रॉम टर्टल इम्पोर्ट *" लिहून टर्टलमधलं सगळं आयात करा आणि शेवटी हे लिहा:

फॉर आकृती इन आकृत्या:
    पेनअप()
    गोटू(आकृती[०])
    पेनडाऊन()
    फॉर बिंदू इन आकृती:
        गोटू(बिंदू)
    गोटू(आकृती[०])
डन()

पेनअप म्हणजे पेन उचल. तो नसेल तर शेत संपवून विहिरीकडे जाताना कासव मधून एक तिरकी रेघ ओढत जातं. बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत सीएनसी मशीनवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कापणीच्या यंत्रावर, काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यांच्या प्रोग्राममधला जी शून्य म्हणजे टूल न कापता पटकन हलवणे, आणि जी एक म्हणजे कापत सरळ जाणे. तो प्रोग्रामही निर्देशकांची साधी मजकूर फाईलच असते. हा लेख वाचणारा कुणी आयटीआयचा विद्यार्थी असेल तर त्याने ही गोष्ट नीट मनात ठेवावी. इथे शिकलेलं थेट कारखान्यात उपयोगी पडतं.

शेवटचा गोटू आकृती बंद करतो. फाईलमध्ये पहिला कोपरा पुन्हा लिहायची गरज नाही.

चालवून बघा. शेत दिसेल, पण छोटं आणि खिडकीच्या वरच्या उजव्या भागात. कासवाचं शून्य-शून्य खिडकीच्या मध्यावर असतं, आणि एक एकक म्हणजे पडद्यावरचा एक पिक्सेल. नुसतं चौपट केलं तर शेत उजवीकडे ५६० पिक्सेलपर्यंत जाईल आणि साध्या लॅपटॉपवर खिडकीबाहेर पडेल. म्हणून आधी शेताचा मध्य काढा. आमच्या शेतात क्ष ० ते १४०, मध्य ७०. य ० ते १२५, मध्य ६२.५. प्रत्येक बिंदूतून मध्य वजा करा आणि मग पटीने गुणा. पट कशी ठरवायची? रुंदीला ६०० पिक्सेल द्यायचे असतील तर ६०० भागिले १४०, म्हणजे सुमारे ४.२९. उंचीला ५०० असतील तर ५०० भागिले १२५, म्हणजे ४. यातली लहान पट घ्यायची, आणि क्ष आणि य दोन्हींना तीच लावायची. दोन वेगळ्या पटी लावल्या की शेत ताणलं जातं आणि काटकोन काटकोन राहत नाही. टर्टलमध्ये सेटवर्ल्डकोऑर्डिनेट्स नावाची तयार सोय आहे, पण खिडकीचा आकार जुळला नाही तर तीही हाच घोळ करते. मी मुलांना हाताने गुणायलाच लावतो.

"सर, चित्र उलटं येऊलंय," असं ऐकलं की मी आधी विचारतो, टर्टल आहे की दुसरं काही? टर्टलमध्ये य वर वाढतो, वहीतल्या आलेखासारखा. पायगेम, टीकेइंटरचा कॅनव्हास, एसव्हीजी या सगळ्यांत शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं आणि य खाली वाढतो. तिथे खिडकीच्या उंचीतून य वजा करून येईल तो आकडा य म्हणून वापरायचा.

क्षेत्रफळाने पडताळा

चित्र डोळ्यांना पटलं म्हणजे बरोबर असेलच असं नाही. आपल्याकडे पहाणीवर, म्हणजे जमिनीच्या सरकारी उताऱ्यावर, क्षेत्र एकर-गुंठ्यांत असतं, तेव्हा तोच पडताळा घ्या. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर.

आकृती = आकृत्या[०]
बेरीज = ०
मागचा = आकृती[-१]
फॉर पुढचा इन आकृती:
    बेरीज = बेरीज + मागचा[०] * पुढचा[१] - पुढचा[०] * मागचा[१]
    मागचा = पुढचा

बेरीज निम्मी केली की चौरस फूट मिळतात. कोपरे घड्याळाच्या दिशेने लिहिले असतील तर उत्तर उणे येतं, तेव्हा चिन्ह सोडून द्या. आमच्या शेतात कोपऱ्यांच्या जोड्यांमधून ११,८८०, ११,५६० आणि ६,५३४ असे आकडे आले, उरलेल्या दोन जोड्या शून्य. बेरीज २९,९७४, निम्मे १४,९८७ चौरस फूट. १,०८९ ने भागले की १३.७६ गुंठे, म्हणजे १३ गुंठे १२ आणे (१६ आण्यांचा एक गुंठा). वडिलांना हे तोंडी सांगताना आण्यातच सांगा, त्यांना लगेच पटतं.

आता फाईलमधल्या शेताच्या तिसऱ्या आणि चौथ्या कोपऱ्याच्या ओळींची मुद्दाम अदलाबदल करून बघा. कोपरे तेच, आकडे तेच, पण बांध एकमेकांना छेदतात आणि शेताचा डमरू होतो. क्षेत्र येतं ८.६३ गुंठे. पाच गुंठे कुठे गेले, म्हणून मुलं पहिल्यांदा कोडमध्ये शोधत बसली. चूक फाईलमध्ये होती, आणि ती कोपऱ्यांच्या क्रमात होती.

हे सगळं शिकण्यासाठी आणि घरच्या हिशेबासाठी आहे. बांधाचा वाद असेल तर सरकारी मोजणीच करून घ्या.

मोबाईलचे निर्देशक

टेपऐवजी मोबाईलवरून अक्षांश-रेखांश घ्यावेत असं सगळ्यांनाच वाटतं. मोठ्या जागेसाठी ते ठीक आहे. राजहंसगडाच्या तटावरून चालत घेतलेले बिंदू छान जुळतात. १३ गुंठ्यांच्या शेताला मात्र ते पुरत नाहीत, कारण उघड्या आकाशाखालीही मोबाईल चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवू शकतो. म्हणजे पंधरा फूट, अर्ध्या गुंठ्याची रुंदी.

घेतलेच तर दोन गोष्टी सांभाळा. मोबाईलवरचा नकाशा आधी अक्षांश देतो, म्हणजे आधी य आणि मग क्ष. तसंच फाईलमध्ये उतरवलं तर शेत आडवं पडतं आणि आरशातल्यासारखं फिरतं. दुसरं, बेळगावचे आकडे १५.८५ आणि ७४.५० च्या आसपासचे. एका शेताच्या कोपऱ्यांत फरक पडतो तो चौथ्या दशांशात, त्यामुळे तसेच काढले तर सगळं शेत एका ठिपक्यात मावतं. प्रत्येक बिंदूतून पहिला बिंदू वजा करा. मग अक्षांशाच्या फरकाला १,१०,६५० ने आणि रेखांशाच्या फरकाला १,०७,१०० ने गुणा, मीटर मिळतील. दोन आकडे वेगळे आहेत कारण विषुववृत्तापासून उत्तरेला सरकत जावं तशा रेखावृत्तांमधल्या जागा अरुंद होत जातात. हे दोन गुणक आपल्या भागापुरतेच धरा.

पावसाळ्यानंतर

बळ्ळारी नाल्याला लागून शेत असेल तर हे सगळं जपून ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये नाला फुगून भाताच्या वाफ्यांत शिरतो, आणि पाणी ओसरल्यावर नाल्याकडचा कोपरा जिथे होता तिथे सापडेलच असं नाही. अशा वेळी सगळं शेत पुन्हा मोजू नका. दक्षिणेच्या बांधावर दोरी ताणून फक्त त्या एका कोपऱ्याचे क्ष आणि य घ्या. जुनी फाईल तशीच राहू द्या, तिची नक्कल करून तिला नव्या वर्षाचं नाव द्या, आणि नकलेतली एकच ओळ बदला. मग कोडला दोन्ही फाईली एकामागून एक वाचायला लावा, जुन्या बांधाला पेनकलरने करडा रंग द्या, नव्याला लाल. दोन रेघांच्या मध्ये जो निमुळता तुकडा दिसेल तेवढी माती गेली, आणि दोन्ही क्षेत्रांची वजाबाकी केली की ती किती आणे होती तेही कळेल.